परदेशी पदवीची उचल

धाराशिवच्या बसस्थानकाच्या आसपास पूर्वी ज्या भिंतींवर पोलीस भरतीच्या आणि डी.एड.च्या वर्गांच्या जाहिराती दिसत, त्याच भिंतींवर आता लंडनचा घड्याळाचा मनोरा आणि टोरांटोच्या गगनचुंबी इमारती दिसू लागल्या आहेत. ‘इंटरनॅशनल बिझनेसमध्ये पदव्युत्तर पदवी, एक वर्षात, शिक्षणासोबत कमाई, शंभर टक्के कर्जसाहाय्य.’ ज्या जिल्ह्याला केंद्र सरकारनेच २०१८ साली ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत घातले, म्हणजे सरळ मराठीत सांगायचे तर मागासलेला ठरविले, त्या जिल्ह्यात ही जाहिरात चिकटविण्याचा खर्च कोणाला तरी परवडतो आहे. तेव्हा तिला भुलणारी माणसेही इथे आहेत, हे उघड आहे. ती माणसे मूर्ख नाहीत. त्यांना भुलविणारी व्यवस्था कशी चालते, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत आधी सांगतो. कळंब तालुक्यात त्याची सात एकर कोरडवाहू जमीन होती. ‘होती’ असे म्हणतो, कारण आता पाचच उरली आहे. अर्थशास्त्र घेऊन तो बी.ए. झाला, नोकरी मिळाली नाही, म्हणून शेतीत उतरला. आपल्या वाट्याला आले ते मुलाच्या वाट्याला येऊ नये, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा होती. मुलगा लातूरला बी.कॉम. झाला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये इंग्लंडमधील एका विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये दाखल झाला. खर्चासाठी पंचवीस लाखांचे कर्ज एका खाजगी वित्तसंस्थेकडून काढले. उरलेल्या रकमेसाठी दोन एकर विकले. अभ्यासक्रम वर्षात आटोपला. वर्गातील बहुसंख्य मुले भारत, नायजेरिया आणि चीन येथून आलेली. इंग्रज विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुढे दोन वर्षे नोकरी शोधण्याची मुदत होती. त्या दोन वर्षांत त्याने एका मालगोदामात खोकी उचलली, अंधार पडल्यावर भाड्याच्या खोलीत बसून चारशेच्या वर अर्ज पाठविले, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो परत आला. आता पुण्याला एका कंपनीत महिना अठ्ठावीस हजारांवर आहे.

या मुलात काय कमी होते? मी त्याच्याशी दोन दिवस बोललो. हुशार आहे, कष्टाळू आहे, इंग्रजी बोलतो. दोष त्याच्यात शोधणे म्हणजे दुष्काळाचा दोष शेतकऱ्याच्या नांगरात शोधण्यासारखे होईल.

मूळ प्रश्न हा की व्यवसाय-व्यवस्थापनाच्या पदवीधराला परक्या देशात मागणी कशावर अवलंबून असते? परिचारिकेला सुई टोचता येते, अभियंत्याला पुलाचे गणित येते. शरीर आणि पोलाद सर्व देशांत सारखेच असते. म्हणून परिचारिकेचे कौशल्य समुद्र ओलांडते. व्यापाराचे ज्ञान हे मात्र मुख्यतः माणसांचे ज्ञान आहे. कोण काय विकत घेतो, कोणाचा शब्द चालतो, कोणत्या कायद्यातून कशी वाट निघते, कोणाच्या ओळखीने दार उघडते, या सर्व गोष्टी त्या त्या समाजात वाढून कळतात. बर्मिंगहॅमच्या गृहिणीला साबण कसा विकावा हे बर्मिंगहॅमचा मुलगा कळंबच्या मुलापेक्षा चांगले जाणतो, आणि तो तिथे हजारोंनी उपलब्ध आहे. त्याला डावलून परक्याला घेण्यासाठी मालकाला परवान्याचे शुल्क, कागदपत्रे आणि सरकारी तपासणी पत्करावी लागते. कोणता मालक ती पत्करील? ज्या मोजक्या बड्या सल्लागार कंपन्या आणि बँका पत्करतात, त्या नामांकित अशा थोड्याच विद्यालयांच्या दारात जातात. आणि त्या दारातही आता पूर्वीचा उजेड राहिलेला नाही. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमधून २०२४ साली बाहेर पडलेल्या व नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांपैकी २३ टक्क्यांच्या हाती तीन महिन्यांनंतरही नोकरी नव्हती. २०२२ मध्ये हेच प्रमाण १० टक्के होते. हार्वर्डची ही कथा, तर ज्या विद्यापीठाचे नाव धाराशिवच्या भिंतीवर प्रथमच वाचले त्याची काय असेल!

त्यात यजमान सरकारांचे धोरण. ब्रिटनने शिक्षणोत्तर कामाची सवलत २०१२ साली बंद केली, जुलै २०२१ मध्ये दोन वर्षांसाठी पुन्हा सुरू केली, आणि आता १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांसाठी ती अठरा महिन्यांवर आणण्याचे ठरविले आहे. कुशल कामगाराच्या व्हिसासाठी लागणारा किमान पगार एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पौंडांवरून एकदम ३८,७०० वर नेला, आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० वर. नवख्यांसाठी सवलतीचा दर आहे, परंतु तोही तीस हजारांच्या वरच. गोदामात खोकी उचलून हा उंबरठा ओलांडता येत नाही. माझ्या विद्यार्थ्याचा मुलगा इंग्लंडला गेला तेव्हा नियम एक होता आणि तो नोकरी शोधत असताना दुसरा झाला. शर्यत चालू असता अंतिम रेषा पुढे सरकविण्याचाच हा प्रकार.

कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी-परवान्यांवर मर्यादा घातली, खात्यावर दाखवायची रक्कम दहा हजारांवरून २०,६३५ डॉलर केली, आणि नोव्हेंबर २०२४ पासून महाविद्यालयीन पदविकाधारकांना कामाचा परवाना विषय पाहून देण्याचे ठरविले. त्या विषयांच्या यादीत आरोग्य आहे, शेती आहे, सुतारकाम-नळकाम आहे. व्यवसाय-व्यवस्थापनाची पदविका नाही. अमेरिकेत पदवीनंतर एक वर्ष काम करता येते. विज्ञान-तंत्रज्ञान-गणित या विषयांना आणखी दोन वर्षे मिळतात. ही सवलत गमावू नये म्हणून तिथल्या कित्येक बिझनेस स्कूलांनी आपल्या अभ्यासक्रमात संख्याशास्त्राचे दोन-चार तास वाढवून त्यांची विज्ञानात गणना करून घेतली. ही युक्ती मान्य केली तरी पुढे एच-१बी व्हिसाची सोडत आहेच: वर्षाला ६५ हजार, आणि अमेरिकेतच पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने देशाबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क बसविले. म्हणजे शिकून मायदेशी आलेल्याला तिथला मालक पुन्हा बोलावील, ही आशाही मावळली.

एवढी दारे बंद होत असताना बिझनेस स्कूलांचे दार मात्र सताड उघडे कसे? याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. इंग्लंडमध्ये २०१२ पासून सरकारने उच्च शिक्षणाचे अनुदान आटविले आणि स्वदेशी विद्यार्थ्याची फी नऊ हजार पौंड केली. पुढे २०१७ पासून २०२५ पर्यंत ती ९,२५० वर गोठविली. महागाई वाढत गेली, फी तिथेच राहिली. परदेशी विद्यार्थ्याच्या फीला मात्र कोणतीही मर्यादा नाही. प्रयोगशाळेवर खर्च करावा लागत नाही, एका सभागृहात दोनशे मुले बसविता येतात, आणि शिक्षक कंत्राटी असला तरी चालतो, असा विषय कोणता? व्यवस्थापन. तेव्हा बिझनेस स्कूल ही विद्यापीठाची दुभती गाय झाली आणि तिचा चारा आपल्या गावांतून जाऊ लागला. ऑस्ट्रेलियात तर शिक्षण ही लोहखनिज, कोळसा आणि वायू यांच्या पाठोपाठची मोठी निर्यात म्हणून सरकार अभिमानाने सांगते. आपल्याकडील ‘कन्सल्टन्सी’वाला मुलाकडून फी घेत नाही, सल्ला फुकट देतो, म्हणून आईबापांना तो देवमाणूस वाटतो. त्याला पैसे विद्यापीठ देते, मुलाच्या पहिल्या वर्षाच्या फीतून. नोकरी मिळो न मिळो, त्याचे दलाल-पण प्रवेशाच्या दिवशीच वसूल झालेले असते.

धाराशिव जिल्ह्यातील वाचकाला ही व्यवस्था ओळखीची वाटली पाहिजे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम गावात येतो, कोयत्यामागे उचल देतो, आणि नवरा-बायको मुलाबाळांसह पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊस तोडायला जातात. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर बाकी अंगावर राहते; पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. मजुराने आपली श्रमशक्ती आधीच विकलेली असते, भाव मात्र नंतर ठरतो. परदेशी पदवीचे कर्ज ही सुशिक्षित उचल होय. फरक एवढाच की ऊसतोड मजुराला मुकादम निदान फडापर्यंत नेऊन कामाला लावतो.

हिशेब मांडून पाहू. पंचवीस लाखांचे कर्ज, व्याज बारा टक्के, अभ्यासक्रमाचे एक आणि सवलतीचे एक अशी दोन वर्षे हप्ता नाही. त्या दोन वर्षांचे सरळ व्याज सहा लाख. मुद्दल झाले एकतीस. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे चव्वेचाळीस हजार पाचशे, एकूण परतफेड त्रेपन्न लाखांहून अधिक. अठ्ठावीस हजार पगारातून हा हप्ता कसा जावा, हे गणित मी चाळीस वर्षे अर्थशास्त्र शिकवूनही सोडवू शकत नाही. पौंडांत पगार मिळेल या गृहीतकावर हे कर्ज उभे असते. गृहीतक कोसळले की ते पुण्याच्या पगारावर, आणि तिथून कळंबच्या शेतावर येऊन पडते. शिवाय रुपया. २०२२ च्या आरंभी डॉलर पंचाहत्तर रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला गेलेल्या मुलाची दुसऱ्या वर्षाची फी तिकडे एक सेंटही न वाढता इकडे वाढलेली असते.

आता जमिनीचा प्रश्न. साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज राष्ट्रीयीकृत बँका तारणाविना देऊ शकतात. त्यापुढे तारण मागतात. शेतकऱ्याजवळ तारणाला काय असते? जमीन. परंतु २००२ च्या सरफेसी कायद्याने शेतजमिनीला वगळलेले आहे, बँकेला ती कोर्टाविना जप्त करता येत नाही. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी ठेवलेली ही तरतूद योग्यच आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे. तिचा परिणाम मात्र असा होतो की शैक्षणिक कर्जासाठी बँका शेतजमीन तारण घ्यायला नाखूश असतात आणि शहरातला फ्लॅट मागतात. गावठाणातल्या घराला बाजारभाव नसतो. म्हणजे ज्याचा फ्लॅट पुण्यात आहे त्याच्या मुलाला सरकारी बँकेचे स्वस्त कर्ज, आणि ज्याची जमीन भूम-परंड्याला आहे त्याच्या मुलाला खाजगी वित्तसंस्थेचे महाग कर्ज, नाहीतर जमिनीची विक्री. वर्गविषमता जपण्यासाठी कोणी कट करावा लागत नाही. कर्जाचा अर्ज पुरेसा होतो. केंद्र सरकारने २०२४ च्या अखेरीस गाजावाजाने आणलेली विनातारण कर्जाची ‘विद्यालक्ष्मी’ योजना देशातील निवडक संस्थांपुरती आहे. अल्पसंख्याक मुलांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याज भरणारी ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंदच केली.

यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परदेशस्थ भारतीयांनी २०२४-२५ मध्ये सुमारे १३५ अब्ज डॉलर मायदेशी पाठविले. शिक्षणासाठी बाहेर गेलेला पैसा त्यापुढे किरकोळ आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली २०२१-२२ मध्ये तो पाच अब्ज डॉलरच्या वर होता, २०२४-२५ मध्ये तीन अब्जांच्या खाली आला. तेव्हा दादाभाई नौरोजींच्या संपत्ति-निःसारणाचा दाखला इथे कशाला? राष्ट्राच्या ताळेबंदापुरते हे खरे आहे, आणि मी दादाभाईंना इथे ओढणार नाही. परंतु राष्ट्राच्या ताळेबंदात कळंबचे कुटुंब दिसत नाही. पैसे पाठविणारा एक आणि कर्ज फेडणारा दुसरा असतो. सरासरी काढली की दोघेही सुखी दिसतात.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे. डॉ. आंबेडकर परदेशी शिकले, जयप्रकाश शिकले, लोहिया शिकले. मग खेड्यातल्या मुलाने जाऊ नये असे समाजवाद्यांनी म्हणावे काय? मुळीच म्हणू नये. मुलाने जावे. फक्त हे तिघे कसे गेले ते आठवावे. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, दहा वर्षे संस्थानाची सेवा करण्याच्या कराराने; म्हणजे सार्वजनिक तिजोरीच्या पैशावर. १९१७ मध्ये परतल्यावर बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि नोकरी सोडावी लागली. जगातल्या उत्तम विद्यापीठाची पदवी जातिव्यवस्थेपुढे काय कामाची ठरली, हे आपण विसरता कामा नये. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवून, शाहू महाराजांच्या मदतीने आणि नवल भथेना या मित्राच्या उसनवारीवर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. जयप्रकाशांनी १९२२ ते १९२९ या काळात अमेरिकेत मळ्यांत आणि कारखान्यांत राबून शिक्षण केले. तेव्हा हाताच्या कामावर फी भागत असे, आज भागत नाही. लोहियांनी बर्लिनमध्ये प्रबंध लिहिला तो मिठावरील कराचा. तिघांच्या मनात आपण कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधायला चाललो आहोत, हे जाताना स्पष्ट होते. ‘इंटरनॅशनल बिझनेस’ शिकायला गेलेल्या आमच्या मुलाला मी विचारले की तिथे तू कोणत्या धंद्याचा अभ्यास केलास? एका अमेरिकन कॉफीच्या दुकानाने चीनमध्ये कसे पाय रोवले, त्याचा, असे तो म्हणाला.

आंतरराष्ट्रीय व्यापार शिकायला कळंबचा मोंढा काही वाईट शाळा नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात शेतकऱ्याने तो चार हजारांच्या आसपास विकला. का? ब्राझील आणि अर्जेंटिनात पीक उदंड होते, पेंडीचा जागतिक भाव पडला होता, आणि आपण खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक आयात करतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या तेलांवरचे आयातशुल्क वीस टक्के केले. मे २०२५ च्या अखेरीस ते पुन्हा दहावर आणले, म्हणजे नेमके पेरणीच्या तोंडावर. इंडोनेशियाचे पामतेल, शिकागोचा सट्टा, दिल्लीचा अध्यादेश आणि आडत्याची पट्टी यांचा संबंध उलगडून सांगू शकेल असा एकही पदवीधर शेतकरी उत्पादक कंपनीला या जिल्ह्यात सहजी मिळत नाही. अशा कंपन्यांना २००२ मध्ये कायद्याने मान्यता मिळाली, पण चांगला व्यवस्थापक नेमण्याइतके पैसे त्यांच्याजवळ नसतात आणि सरकार ते देत नाही. मुलाचे शिक्षण एका टोकाला आणि कामाची गरज दुसऱ्या टोकाला, मध्ये त्रेपन्न लाख. विद्यापीठाचे उपकेंद्र धाराशिवला आहे, टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रामीण आवार १९८६ पासून तुळजापूरला आहे. कुंथलगिरीच्या खव्यापासून सोयाबीनच्या पेंडीपर्यंतचा व्यापार शिकविणारा आणि पहिली तीन वर्षे व्यवस्थापकाचा पगार भरणारा अभ्यासक्रम या संस्थांमार्फत सरकारने चालवावा, ही मागणी अवास्तव नाही. याच जिल्ह्यात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा निजामाच्या राज्यात चालली, आणि स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिकवीत होते. तेव्हा पैसे आताहून कमी होते.

आता पक्षाच्या कार्यकर्त्यांविषयी. परदेशी शिक्षण हा मध्यमवर्गाचा चोचला आहे, आपला प्रश्न नव्हे, अशी एक समजूत आपल्यात आहे. ती जुनी झाली. जमीन विकून जाणारा मुलगा मध्यमवर्गीय नसतो. परदेशी नोकरीला माणसे पाठविणाऱ्या दलालांना १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते; विद्यार्थी पाठविणारे त्यातून सुटतात. पंजाबने २०१२ मध्ये असल्या सल्लागारांना परवान्याखाली आणणारा कायदा केला, कारण तिथे फसवणुकीने गावेच्या गावे पोळली होती. महाराष्ट्रात ती वेळ येण्यापूर्वी हे झाले पाहिजे: सल्लागाराला विद्यापीठाकडून किती दलाली मिळते ते त्याने लिहून द्यावे, आणि त्या अभ्यासक्रमातील किती भारतीय विद्यार्थ्यांना पदवीच्या दर्जाची नोकरी मिळाली, ते विद्यापीठाच्या सहीने दाखवावे. नुसता ‘नोकरी लागली’ असा आकडा नको. गोदामही त्यात मोजले जाते. अनुसूचित जातींच्या मुलांसाठीच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जागा पंचाहत्तर आहेत. महाराष्ट्राच्या लोकसंख्येला त्या किती पुरतात, हा प्रश्न विधिमंडळात दरवर्षी विचारला गेला पाहिजे. आणि जिल्हा अग्रणी बँकेच्या बैठकीत आपला कोणी जात असेल तर त्याने एवढे तरी मागावे की शेतकऱ्याच्या मुलाच्या परदेशी शैक्षणिक कर्जाला राज्य सरकारची हमी असावी, फ्लॅटची नव्हे. आणि पदवीनंतर पगार ठराविक रकमेच्या खाली असेल तोवर हप्ता थांबावा. हे क्रांतिकारक मुळीच नाही. इंग्लंडच्या सरकारी विद्यार्थी-कर्जाची परतफेड स्वदेशी मुलांसाठी अशीच पगाराशी जोडलेली आहे. आपल्या मुलाने त्याच वर्गात बसून तिप्पट फी भरली, सवलत मात्र शेजारच्या बाकावरच्याला.

माझा विद्यार्थी सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर भेटला. उभ्या सोयाबीनला कोंब फुटले होते. पंचनामा झाला होता, मदत यायची होती. मुलगा पगारातले पंधरा हजार हप्त्यात टाकतो, उरलेला हप्ता बाप भरतो. उरलेल्या पाच एकरांपैकी आणखी दीड एकराला गिऱ्हाईक आले आहे. लातूरचा एक डॉक्टर आहे, त्याला फार्महाऊस बांधायचे आहे. विकू का, असे त्याने मला विचारले. वर्गात मी त्याला ‘संधित्यागाचा खर्च’ ही संकल्पना शिकविली होती, याची त्याने आठवणही करून दिली. मी त्याला वित्तसंस्थेकडे मुदतवाढीचा अर्ज लिहून दिला आणि तिच्या पुण्याच्या कार्यालयात त्याच्याबरोबर गेलो. अर्ज घेतला आहे. निर्णय मुंबईहून यायचा आहे, असे सांगतात.